माउजर ७१, कमिशन ८८ आणि पितळी मुठीची संगीन: घेण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकाला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन लष्करी रायफली आणि संगिनी जमवायच्या आहेत. एका लिलावाच्या यादीत त्यांना माउजर ७१, ‘कमिशन रायफल ८८’ आणि पितळी मुठीची एक लांब संगीन दिसली. आधी काय घ्यावं, अस्सल-नक्कल कशी ओळखावी, गंज कसा काढावा आणि पुढेमागे हे सगळं पुण्याच्या घरी नेता येईल का, हे त्यांना विचारायचं आहे.

सुरुवात संगिनीपासून करा. ती रायफलीपेक्षा स्वस्त पडते, कायद्याची कटकट कमी असते आणि जर्मन लष्कराची खुणा मारायची सगळी पद्धत वीतभर जागेत शिकायला मिळते. बनवणारा कोण, कोणत्या राज्याने कोणत्या वर्षी स्वीकारली, कोणत्या पलटणीत गेली, हे सगळं धातूवर कोरलेलं असतं. या छंदात पैसे जातात ते या खुणांसाठी. चकाकीला किंमत नाही, उलट चकाकी दिसली की भाव पाडून मागावा.

आधी क्रम लक्षात घ्या. प्रशिया या जर्मन राज्याने १८४१ मध्ये ड्रायझेची सुईबंदूक स्वीकारली. कॅलिबर १५.४३ मिमी, कागदी काडतूस. लांब सुई दारूतून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी बसवलेल्या स्फोटक टिकलीवर आपटायची. १८६६ मध्ये कोनिगग्रात्झला ऑस्ट्रियाविरुद्ध तिने नाव कमावलं, पण १८७० च्या युद्धात फ्रेंचांची शासपो रायफल पल्ल्यात तिच्या खूप पुढे निघाली. त्यानंतर आली माउजर ७१. धातूचं काडतूस, ११ मिमी, एकबारी. १८७२ च्या मार्चमध्ये प्रशियाने ती मंजूर केली. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याने आपली वेर्डर रायफल आणखी काही वर्षं चालवली आणि मग तीही ७१ वर आली. १८८४ मध्ये त्याच रायफलीला नळीखाली आठ काडतुसांची नळकांडी मॅगझिन जोडून ७१/८४ झाली. फ्रान्सने १८८६ मध्ये बिनधुराची दारू आणल्यावर ७१/८४ हातात पडता पडताच जुनी ठरली. म्हणूनच आजही ती बऱ्याचदा कमी वापरलेली, कडा शाबूत असलेली सापडते. मग घाईघाईत एका लष्करी समितीने ८८ बनवली. तिला ‘कमिशन’ म्हणतात ते त्यामुळेच, तिचं डिझाइन माउजरचं नाही. १८९८ ची माउजर ९८ हा वेगळाच संसार आहे, तो इथे नको.

आता संगीन. यादीतली पितळी मुठीची लांब संगीन बहुधा एस ७१, म्हणजे ‘सायटेनगेव्हेअर ७१’ असणार. पातं साधारण ४७० मिमी, एकूण लांबी ६०० मिमीच्या आसपास. पात्याच्या दोन्ही बाजूंना उथळ पन्हळ असते. ही पन्हळ कुठे संपते ते पहिल्यांदा बघा. मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच आधी थांबते. पन्हळ टोकात शिरलेली दिसली तर पातं नंतर कापून आखूड केलेलं आहे. अशा आखूड केलेल्या संगिनी भरपूर आहेत, आणि ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून विकल्याही जातात. मोजपट्टी लावली की वाद मिटतो.

पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, मुकुट आणि त्याखाली अक्षर असतं, त्याखाली वर्षाचे दोन आकडे. प्रशियाचं अक्षर डब्ल्यू, विल्हेल्मचं. पहिला विल्हेल्म १८८८ मध्ये गेला आणि मधले काही महिने फ्रेडरिक सोडला तर पुढे दुसरा विल्हेल्मच, म्हणून अक्षर तेच राहिलं. मुकुटाखाली डब्ल्यू आणि ७६ म्हणजे १८७६ मध्ये प्रशियाने तपासून घेतलेली. बव्हेरियाचं अक्षर एल. सॅक्सनीत राजा आल्बर्टच्या काळात ए आर. प्रशियाच्या मानाने सॅक्सन आणि बव्हेरियन संख्येने कमी, त्यामुळे भाव वर. याच कारणासाठी अक्षर खोडून नवं मारण्याचे उद्योगही होतात. पाठीचा तेवढाच भाग किंचित खोलगट किंवा सपाट वाटतोय का ते नख फिरवून बघा.

बनवणाऱ्याचा शिक्का पात्याच्या मुळाशी असतो. बहुतेक झोलिंगेनचे: वायर्सबर्ग, लुनेश्लॉस, अलेक्झांडर कोपेल. सूलमधले शिलिंग आणि सिम्सन. सरकारी कारखाना असेल तर एरफुर्ट वगैरे. वायर्सबर्ग आणि किर्शबाउम या दोन कंपन्या १८८३ मध्ये एक झाल्या, तेव्हा दोघांची जोडनावं असलेला शिक्का आणि पाठीवर ७५ असं वर्ष एकत्र दिसलं तर काहीतरी जोडजमाव आहे हे सरळ आहे. मुठीच्या पितळेवरही बारीक मुकुट आणि जर्मन काळ्या (गॉथिक) लिपीतलं एखादं अक्षर असतं. तो तपासनिसाचा शिक्का. पितळेवर एकही असा शिक्का नसेल, रंग भडक पिवळा असेल, ओतकामाची शिवण किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसत असतील तर ती नक्कल. उपखंडात बनलेल्या अशा नकला दुरून बऱ्या दिसतात, पण त्यांच्या खटक्याची स्प्रिंग लिबलिबीत असते आणि रायफलीच्या खोबणीत त्या डुगडुगतात.

सगळ्यात रंगतदार भाग आडपट्टीवर, मुठीच्या पुढच्या आडव्या लोखंडावर असतो. समजा तिथे ‘७६.आर.८.११२.’ आहे. वाचन असं: ७६ वी इन्फंट्री रेजिमेंट, आठवी कंपनी, हत्यार क्रमांक ११२. ७६ वी म्हणजे हॅम्बुर्गची रेजिमेंट. हे शिक्के १८७७ च्या नियमावलीप्रमाणे पलटणीच्या शस्त्रकाराने हाताने मारले, त्यामुळे आकडे एका रेषेत नसले, एखादा खोल आणि एखादा उथळ असला तर तेच स्वाभाविक आहे. अगदी छापल्यासारखी सरळ ओळ दिसली तर सावध व्हा. जुन्या पलटणीचा शिक्का आडव्या रेघेने खोडून खाली नवा मारलेला असेल तर तो दोष समजू नका, हत्यार एका पलटणीकडून दुसरीकडे गेल्याची ती नोंद आहे आणि भाव वाढवते.

नवा शिक्का ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरका प्रकाश पुरतो. शिक्का मारला की आजूबाजूचा धातू किंचित उचलला जातो. दीडशे वर्षांच्या हाताळणीने तो उंचवटा झिजून गेलेला असतो. काठ बोचत असेल, अक्षराचा तळ उजळ असेल, किंवा अक्षर गंजाच्या खड्ड्यावरून गेलेलं असेल तर शिक्का गंजानंतरचा, म्हणजे अलीकडचा. पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन फौजेच्या आस्करींनी, म्हणजे तिथल्याच आफ्रिकी सैनिकांनी, नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगाला उतरलेल्या भारतीय पलटणींविरुद्ध धुराच्या दारूच्या जुन्या ७१ रायफली वापरल्या होत्या. वसाहती फौजेच्या वस्तूंना मागणी असल्याने ‘के.एस.’ ही त्या फौजेची दोन अक्षरं सगळ्यात जास्त बनावट मारली जातात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची सुरुवातीला गरज नाही.

म्यान मूळचं असणं ही मोठी गोष्ट. ७१ चं म्यान काळ्या चामड्याचं, तोंडाशी आणि टोकाला पितळ. तोंडाच्या पितळेवरचा पलटणीचा शिक्का आडपट्टीशी जुळला तर ती जोडी सोडू नका. चामडं आखडून म्यान आखूड होतं आणि पातं आत पूर्ण बसत नाही. जोर लावला की टोकाशी शिवण फाटते. पातं न बसणारं मूळ म्यान बसणाऱ्या नव्या म्यानापेक्षा चांगलं.

दुसरी संगीन म्हणून एस ७१/८४ घ्या. पातं साधारण २५० मिमी, लाकडी मूठ, जर्मन लष्कराची पहिली सुरीसारखी संगीन. ती ७१/८४ वरही चढते आणि ८८ वरही, म्हणून एकीत दोन रायफलींची सोय होते. निकेलचा मुलामा दिलेली, पाठीवर मुकुट-वर्ष नसलेली चकचकीत संगीन सैनिकाने सुट्टीत मिरवायला स्वतःच्या पैशाने घेतलेली असते. खोटी नसते, पण सरकारी हत्यारही नव्हे. पायोनियरांच्या, म्हणजे लष्करी बांधकाम पथकांच्या, करवतपाठी संगिनींचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. साध्या पाठीवर नंतर दाते पाडलेले असतात, तेव्हा दातांच्या खोबणीत पात्याइतकाच काळेपणा आहे का ते पाहा.

रायफलीकडे वळू. ७१ साठी ‘मॅचिंग’ म्हणजे काय? सगळ्या भागांचे क्रमांक जुळणं. मुख्य क्रमांक नळीवर आणि रिसिव्हरवर (बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, ज्यात चालतो तो सांगाडा), चार आकड्यांपर्यंत आणि पुढे एखादं छोटं अक्षर. त्याचेच शेवटचे दोन आकडे बोल्टच्या भागांवर, पट्ट्यांवर, साइटवर, अगदी स्क्रूंच्या डोक्यावरसुद्धा. रिसिव्हरच्या डाव्या अंगाला काळ्या लिपीत ‘आय.जी.मॉड.७१.’ हवं. पलटणीचा शिक्का दस्त्याच्या लोखंडी पत्र्याच्या वरच्या जिभेवर शोधा. क्रमांक पाहताना छोटं अक्षर विसरू नका: ४५१२ ए आणि ४५१२ सी या दोन वेगळ्या रायफली आहेत. एखादा स्क्रू वेगळ्या आकड्याचा असेल तर ते फार मनावर घ्यायचं नाही, पण बोल्ट परका असेल तर भाव खाली आणावा.

लिलावाच्या टेबलावर हातात घेतल्यावर पहिलं काम रिकामी आहे का ते बघणं. बोल्ट उघडा, बोट घाला, आणि तेवढ्यावर थांबू नका. तोंडाकडून लाकडी काठी हळूच आत सोडा, थांबेल तिथे खूण करा, काठी बाहेर नळीला समांतर धरा. ती बोल्टच्या तोंडापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. ७१/८४ मध्ये पुढच्या नळकांड्यात काडतूस अडकलेलं असू शकतं आणि ते चेंबरमधून (नळीतल्या काडतुसाच्या जागेतून) दिसत नाही. तिथे मॅगझिनची स्प्रिंग आणि उचलणारा पाळणा दोन्ही हलवून खात्री करायची. ड्रायझेत कागदी काडतूस भिजून नळीला चिकटलेलं निघू शकतं.

७१ चा बोल्ट काढताना नवखे हमखास चुकतात. बोल्टच्या पाठीवरच्या कण्यात एक स्क्रू आणि वॉशर आहे, तोच बोल्ट मागे निघण्यापासून अडवतो. तो स्क्रू पूर्ण काढायचा नसतो. वॉशर सुटेल इतकाच सैल करायचा. जोर लावून पूर्ण काढायला गेलं की आटे मरतात. बोल्ट मागे आला की पुढचं डोकं वेगळं होऊन एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे काडतूस मागे ओढणारी, पट्टी खाली पडते, म्हणून खाली टॉवेल अंथरा. ती पट्टी पातळ असते आणि तुटलेली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा घेण्याआधीच पाहा. या रायफलीला रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर मुळातच नाही. विक्रेत्याने ‘हरवलाय’ म्हणून सूट दिली तर घ्या.

८८ जास्त जपून. तिच्या बोल्टचं डोकं वेगळं आणि सुटं आहे. बोल्ट काढून तिरपा केला की ते गळून पडतं, आणि डोक्याशिवायही बोल्ट आत बसतो. अशी रायफल झाडली तर काडतुसाला मागून आधारच उरत नाही, सगळा दाब चेहऱ्यावर येतो. शोभेसाठी घेत असाल तरी डोकं आहे का, त्यावरचा क्रमांक जुळतो का, हे आधी पाहायचं. मूळ ८८ चा बोल्ट आणि रिसिव्हर रंग न दिलेल्या, पॉलिश केलेल्या पांढऱ्या धातूचे असतात. बोल्ट निळसर काळा दिसला तर नंतरचं काम. नळीभोवती पातळ लोखंडी आवरण आहे, त्याच्या आणि नळीच्या मधल्या फटीत पाणी शिरलं की बाहेरून न दिसणारा गंज वर्षानुवर्षं खातो. तोंडाशी फटीत लालसर भुकटी दिसली की समजा.

रिसिव्हरच्या कड्यावर मुकुट, कारखाना आणि वर्ष असतं: स्पांडाउ, डांझिग, एरफुर्ट, आम्बेर्ग, किंवा खासगी लोवे, हेनेल, शिलिंग, आणि ऑस्ट्रियातलं श्टायर. लोवेच्या रायफलींबद्दल एक जुनी अफवा अजून ऐकू येते. हर्मान आल्वार्ट या ज्यूद्वेष्ट्याने १८९२ मध्ये लोवे मुद्दाम सदोष रायफली पुरवतो असं पत्रक छापलं आणि बदनामीसाठी त्याला शिक्षा झाली. त्या काळच्या अडचणी ८८ च्या डिझाइनच्या आणि दारूगोळ्याच्या होत्या, सगळ्या कारखान्यांना सारख्या. लोवेची रायफल बिनधास्त घ्या.

मूळ ८८ पाच काडतुसांच्या क्लिपसकट भरायची. क्लिप रिकामी झाली की मॅगझिनच्या बुडाच्या भोकातून खाली पडायची. ते भोक पत्र्याने बंद केलेलं असेल, वर काडतुसांची पट्टी बसवायला मार्गदर्शक जोडलेले असतील आणि रिसिव्हरच्या डाव्या भिंतीत अर्धगोल खाच असेल, तर ती ८८/०५ अशी सुधारलेली. चेंबरवर मोठा ‘एस’ असेल तर ती १९०५ नंतरच्या ८.२२ मिमी गोळीसाठी मोकळी केलेली, मूळ गोळी ८.०८ मिमीची. फरक दशांश मिलिमीटरचा वाटतो, पण नळीत दाब त्यानेच वाढतो. ‘एस’ आहे म्हणून बाजारातलं आजचं ८×५७ काडतूस चालेल असं समजू नका. टिकली फुटली तर या बोल्टमधून वायू मागे नीट वळवला जात नाही. ८८ झाडू नये, हे माझं स्पष्ट मत. अरबी आकडे, चंद्रकोर किंवा १९३५ हे वर्ष दिसलं तर तुर्कस्तानात फेरबदल झालेली. तुर्की रायफलींचा वेगळा संग्रह करणारे आहेत, पण जर्मन म्हणून तिला जर्मन भाव देऊ नका.

देखभाल. पहिला नियम, घासकागद आणि पितळ चमकवायचं पॉलिश घराबाहेर. एस ७१ ची मूठ दोनदा चोळली तर तपासनिसाचा शिक्का निम्मा जातो. सक्रिय गंज नारिंगी आणि भुकटीसारखा असतो. काळसर तपकिरी थर स्थिर असतो, त्याला हात लावायचा नाही. नारिंगी डागावर हलकं मशिनचं तेल लावून चोवीस तास ठेवा, मग चार शून्यांच्या कांस्याच्या लोकरीने, तेलातच, बोटाच्या दाबाने फिरवा. कोरडं कधीही घासू नका. स्वच्छ सुती कापडाने पुसलं की मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या आणि पुढे सुती हातमोज्यांनीच हाताळा, घामातलं मीठ एका रात्रीत बोटांचे ठसे उमटवतं. पितळेवरची हिरवट पूड लाकडी टूथपिकने आणि तेलाच्या थेंबाने काढा.

पातं म्यानात ठेवू नका. चामड्यातली आम्लं आणि मीठ पात्याला आतून खातात. म्यान वेगळं, आडवं ठेवा. चामड्याला तेल पाजू नका, ते मऊ होऊन शिवण सोडतं. दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं, तेल मुरवलेलं. मळ असेल तर किंचित ओलसर कापडाने पुसून कच्च्या जवसतेलाचे चार-पाच थेंब तळहाताने चोळा आणि उरलेलं पुसून टाका. व्हार्निश नको, रंधा तर मुळीच नको, लाकडावरचे शिक्के पहिल्याच फेरीत जातात. स्क्रू खोलायचेच असतील तर खाचेच्या रुंदीला तंतोतंत बसणारं, समांतर कडांचं स्क्रूड्रायव्हर हवं. जर्मन खाचा अरुंद असतात. साधं पाचरीसारखं टोक निसटतं, आणि डोक्यावरचा दोन आकड्यांचा क्रमांक खरवडून जातो. साठवणीच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फोममध्ये काही गुंडाळू नका.

कायद्याचं सांगायचं तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुरातन धरली जाते. ७१ आणि ७१/८४ त्यात सरळ बसतात, ८८ च्या रिसिव्हरवरचं वर्ष वाचा. राज्यांचे नियम वेगळे आणि कधी कडक असतात, तेव्हा तुमच्या राज्याचा कायदा स्वतः पाहा. जर्मनीत सुईबंदुकीला १८७१ आधीचं मॉडेल म्हणून सवलत आहे, माउजर ७१ ला मात्र नाही. नातेवाईक तिथे असतील तर हा फरक त्यांना आधी सांगा.

आणि पुणे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सवलत जुनाट किंवा पुरातन हत्याराला आहे, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून चालता कामा नये. चालू स्थितीतली ७१ त्यात बसत नाही. शस्त्र आयात करायला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो. संगीनही शस्त्रांच्या यादीत नावानिशी आहे, म्हणून ‘शोभेची वस्तू’ म्हणून सामानात टाकली तर विमानतळावर अडकेल. उलट बाजूही आहे: शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारतात असली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला ती बाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेतला संग्रह अमेरिकेतच ठेवा. आजोळी एखादी जुनी संगीन सापडली तर ती तिथेच राहू द्या, आणि तिच्याविषयी काय करायचं ते जिल्ह्याच्या परवाना शाखेत लेखी विचारा.